अर्धी थापलेली भाकर

ज्वारीचं पीठ भिजवल्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं.

मलकापुरात मी स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या केंद्रात तेव्हा पुण्याची ऋतुजा शिकायला होती. लकवा मारलेल्या सोनाळ्याच्या आजींना ती हाताची कामं पुन्हा शिकवत होती. त्या दिवशी तिच्या कॉलेजचे सर परीक्षा घ्यायला आले होते, आणि आजींचा उजवा हात पहिल्यांदाच भाकर थापत होता. ऋतुजाने मदतीला बोटही लावलं नव्हतं. रुग्णाचं काम आपण करायचं नाही, हेच मी शिकवलं होतं.

तेवढ्यात आजींचा मुलगा आला. "आजारी मायले कामाले लावता? लोकं काय म्हनतीन मले?"

"एवढी एक होऊ दे, भाऊ. मंग घेऊन जाय," मी म्हटलं. तो घुटमळला. अजून थोडं बोलले असते तर मी त्याला पटवलंच असतं.

पण सरांना तमाशा नको होता. "राहू द्या, पुढच्या वेळी करू," ते म्हणाले आणि काम अपुरं राहिलं म्हणून ऋतुजाचे मार्क कापले.

मुलाने आजींची पिठाची बोटं मायेने धुतली. आजी परातीकडे बघत राहिल्या.

तेव्हा मी मुलावर चिडले होते. आता राग सरांवर आहे. आजी परत केंद्रात आल्याच नाहीत. सोनाळ्यात मात्र मुलाचं कौतुक झालं: पोरगा मायले सोताच्या हातानं भरवते.