नळी हलवायची नाही

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी हट्टालाच पेटले होते. प्रकल्प करीन तर रक्तावरच! गोठणाऱ्या रक्तात अल्ट्रासाउंड सोडायचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज, आणि त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर रेघेसारखा बघायचा. रक्त घट्ट होईल तशी रेघ चढायला पाहिजे. आमच्या भौतिकशास्त्र विभागात आजवर सगळ्यांनी एरंडेल तेलावरच मोजमापं केलेली. मला त्या तेलाचा वाससुद्धा नको होता.

रक्त माझंच. समोरच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या ताई येऊन काढून द्यायच्या. हात काळेनिळे झाले, वर्गातली पोरं मला "डास" म्हणायला लागली, आणि रेघ? छे! नुसती नाचायची. शेवटी प्रकल्पाच्या सरांचा पारा चढला. "शनिवारी दाखव, न्हायतर सोमवारपास्नं एरंडेल. निमूट पास हो की!" मी रडकुंडीला आले.

शनिवारी सकाळी हातकणंगल्याच्या घरी माझी कोल्हापूरची गाडी गाठायची घाई चाललेली, आणि आबा, म्हणजे माझे वडील, दह्याचं गाडगं कलवून बघत होते.

"आबा, काय करताय?"

"लागलंय का बघतोय की."

"अवो, मघाधरनं किती वेळा बघितलासा! सारखं हलवल्यावर लागंल का ते?"

"बघितल्याबिगार कळायचं कसं?"

मी दारातनं परत फिरले. मी तरी दुसरं काय करत होते? पुस्तकात लिहिलंय म्हणून गोठलं का बघायला सारखी नळी तिरकी करायची, आणि धरत आलेली गाठ मीच मोडायची. अहो, न हलवता बघता यावं म्हणून तर अल्ट्रासाउंड! मी आबांना मिठीच मारली. "आगं, दही सांडंल!" ते ओरडले.

प्रयोगशाळेत ताईंनी रक्त काढून दिलं आणि त्याही बघायला थांबल्या. मी नळी कोमट पाण्यात उभी केली आणि माझे हात ओढणीत गुंडाळून बसले, खोटं नाही सांगत. सर मागं येऊन उभे राहिले. रेघ थरथरली, थांबली आणि हळूहळू चढायला लागली. नळीतलं रक्त अजून पातळच दिसत होतं!

"सर, चढतंय! चढतंय!" मी एवढ्यांदा ओरडले, की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली.

"बघू, खरंच गोठतंय का," म्हणत सरांनी नळीकडं हात नेला.

"हात लावू नका!" मी खेकसले.

 सरांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. त्यांनी हात मागं घेतला. रेघ वर जाऊन स्थिरावली, तेव्हा म्हणाले, "आता उचल." मी नळी उलटी धरली. थेंबभरसुद्धा सांडलं नाही.

सरांनी नळी उजेडात धरून बघितली. मग शर्टाची बाही वर सारत ताईंना म्हणाले, "एकाच माणसावरनं कसं सांगायचं? आता माझं घ्या."