माळ्यावरचं कॅलेंडर

ये बाय, जरा जवळ सरक, आणि हे वाचताना तरी फोन उलटा ठेव. परवा व्हिडिओवर भिंतीकडे बघून हसलीस, कॅलेंडर कुठे गेलं म्हणालीस. वर बाबांना म्हणालीस, आता तुम्हाला भरतीपण कळेना, विकून टाका ते खाचर. खांदेश्वरच्या चौथ्या मजल्यावरून असं बोलणं सोपं असतं गं. त्यानंतर ते जेवले नाहीत नीट.

त्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. बाकीचं अर्धं माझ्याकडे आहे.

दोन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि पौर्णिमेचं उधाण होतं. खाडी अंगणात येणार हे धरूनच चालतो आपण. मी फ्रिज विटांवर चढवला, तांदळाचा डबा खाटेवर, खाट बाकड्यांवर, सिलेंडर खिडकीच्या गजाला बांधला. सातबारा, रेशनकार्ड, तुझ्या शाळेचे दाखले, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं. त्याच घाईत भिंतीवरचं कॅलेंडरही गुंडाळलं. भिजायला नको, एवढंच डोक्यात.

सकाळी नऊला बाबा निघाले उघाडीवर. बांधातलं ते दार तू लहानपणी पाहिलंयस. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून खाडीत जातं, भरती आली की फळी आपोआप मिटते. पण त्यात फांद्या, पिशव्या, जाळी अडकली की मिटत नाही, आणि खारं पाणी सरळ लावणीत. म्हणून भरतीआधी ते साफ करायचं. निघताना त्यांनी दारातूनच विचारलं, आज तिथी कुठली? कॅलेंडर माळ्यावर. मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, तीज. त्यांनी नेहमीसारखी तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, तीनाचे सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला. उघाडीला पाणी लागणार त्याच्या तीन तास आधी. अकराला परत येतो म्हणाले, कोयता घेतला आणि गेले.

सव्वादहाला शेजारची काकी डोक्यावर गोणपाट घेऊन विचारायला आली, आमच्या मोरीतून पाणी उलटं येतंय का. आली तशी बोलत बसली. बोलता बोलता म्हणाली, "औंदा बीज दोन दिस आली, आजपन बीजच हाय."

बीज म्हणजे भरती दीडला. पाऊण तास आधी. म्हणजे खाडी आत्ता उघाडीवर पोचत होती.

चप्पल घातली नाही मी. बांधावरचा चिखल गुडघ्यापर्यंत. धावायला जावं तर पाय मागेच राहायचा. दोनदा पडले. खाडी डाव्या हाताला होती, आणि एरवी जिथे चिखल दिसतो तिथे करडं पाणी हलत होतं. आवाज नाही, काही नाही. मला भीती त्या गप्प पाण्याचीच वाटली. बांधावर त्यांचा शर्ट दिसला, दगडाखाली ठेवलेला. माणूस दिसेना.

फळी त्यांनी वर दोरीने बांधली होती आणि खाली तोंडाशी वाकून ते जाळं ओढत होते. पाठ खाडीकडे. पाणी कमरेला लागलं होतं, पण ते पावसाचंच असं धरून चालले होते.

"भायेर या, पानी आयलं."

त्यांनी मान वळवली. "एवढ्यात कसं?" म्हणाले. निघायला गेले तर पाय जाळ्यात अडकला होता. मी बांधावर पालथी पडून त्यांचं मनगट धरलं. पाणी छातीशी आलं तोवर ते आत हात घालून कोयत्याने जाळं कापत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी फक्त मनगट बघत होते. सुटले, तेव्हा कोयता गेला. दोरी सोडली, पण दाराच्या तोंडात एक फांदी अडकून राहिली होती. फळी अर्धवट मिटली.

संध्याकाळपर्यंत लावणी खाऱ्या पाण्याखाली. घरात घोटाभर. ते उतरल्यावर गाळ काढला, भिंती गोड्या पाण्याने धुतल्या, गाद्या उन्हात टाकल्या. रोपं पिवळी पडून बसली. खार धुऊन जायला दोन पावसाळे लागतील म्हणतात.

ते सगळं होईल गं. पण तुझे बाबा ओट्यावर बसून सारखे म्हणतात, "माझा हिशोब चुकला. आता बांधावर जायची माझी लायकी नाही राहिली." आणि मी भांडी घासते. सांगत नाही. सांगायला जाते आणि ते मनगट आठवतं, की परत भांड्याला हात घालते. माळ्यावरचं सगळं खाली आलं, कॅलेंडर तेवढं तिथेच आहे. त्यांना ते दिसू नये म्हणून. दर पौर्णिमेला मी काकीला तिथी विचारून येते आणि दिवसभर दाराकडे बघत बसते.

तेव्हा विकायचं काय ते नंतर बोलू. येत्या अमावास्येआधी ये. ते कॅलेंडर काढायला माझा हात धजत नाही, तूच काढ ते खाली. तू बाजूला असलीस की मी त्यांना सांगेन. ये गं लवकर.