‘मंजूर’साठी सोडलेली जागा

बुलढाण्याला कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी साखरखेर्ड्याच्या शाळेतली नवी मास्तरीण, नवरा आणि सासू नांदुऱ्याला, आणि माझा बदलीचा अर्ज ‘नीट लिहून आणा’ म्हणून दोनदा परत आलेला. मी शहाणी एवढी, की कागद वाया जायला नको म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत, पाठपोट लिहिला होता!

त्यानं चष्मा कपाळावर सारून माझा अर्ज वाचला आणि कोरा कागद चढवला. डावीकडं चार बोटं जागा सोडली. एक मुद्दा संपला की ओळ बदलायची दांडी दोनदा ढकलायचा, मगच पुढचा. माझं रडगाणं त्यानं न विचारता गाळलं, आणि खाली तळहाताएवढा कागद कोराच ठेवला.

“अहो भाऊ, इथं माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं मावलं असतं!” म्हणत मी पेन काढलं.

त्यानं त्या जागेवर हात ठेवला. “मावलं असतं. पण बाई, समदा कागद तुमीच भरला, त सायेब ‘मंजूर’ कुठी लिहीन?”

मी फणकारून अर्ज तसाच कचेरीत दिला नि निघाले. पंधरा दिवसांनी कचेरीत अर्ज पाहिला, तर बरोब्बर त्याच्या हाताच्या जागी लाल शाईत ‘मंजूर’! मी तिथंच बाकावर बसून हसत-रडत सुटले.

गुडघ्याचं काय? तो पुढं वीस वर्षं नांदुऱ्यात मीच चोळला.