घोटावड्याची माणसं आणि अठरा मजले

साइटवर काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांत कायम काहीतरी सापडतं. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशातून खिळा निघतो, तारेचा तुकडा निघतो, तुटका खडू निघतो. बायको वैतागते. पण ते आपण मुद्दाम आणलेलं नसतं, आपोआप गोळा झालेलं असतं. किश्श्यांचंही तसंच. परवा मित्रांत बसलो असताना मुंबईतल्या एका उंच इमारतीचा विषय निघाला. मी म्हटलं, "ती आम्ही बांधली," आणि मग मला कोणी थांबवू शकलं नाही!

"आम्ही" म्हणजे मी आणि मुळशीकडची चाळीस माणसं. त्यांचा वाटा किती आणि माझा किती, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

*

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. फोर्टात एका बड्या कंपनीची अठरा मजली ऑफिसची इमारत उभी राहणार होती. तेव्हा अठरा मजले म्हणजे केवढं अप्रूप! मी पुण्याचा, नुकताच इंजिनियर झालेला. वडील रिटायर झालेले, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या. ही नोकरी मिळाली नसती, तर त्यांचं शिक्षण बंद पडलं असतं.

इंटरव्ह्यू चीफ इंजिनियरनी घेतला. त्यांना सगळे बडेसाहेब म्हणत. त्यांनी बीम विचारला, कॉलम विचारला, सिमेंटचं प्रमाण विचारलं. सगळं बरोबर आलं. मी उठलो तशी म्हणाले, "उंचीची भीती वगैरे नाही ना? भिणारा माणूस मी साइटवर एक दिवस ठेवत नाही. वर्षभर प्रोबेशन!"

"छे छे, भीती कसली!" मी म्हणालो.

खरी गोष्ट अशी, की आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दूधवाल्याला हाक मारायची झाली तरी मी बहिणीला पाठवत असे.

*

मजूर सगळे घोटावडे, माण, पिरंगुट या भागातले. कोणी शेती करणारे, कोणी शेरडं-मेंढरं सोडून आलेले. त्यांचा मुकादम गेनूमामा. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मुंडासं. मुकादमाचं काम खाली, मिक्सरपाशी. माल मोजून वर पाठवायचा, माणसं नेमून द्यायची. वर चढायचं त्याला काही कारण नव्हतं.

पाच मजल्यांचा सांगाडा उभा होता. जिन्याला कठडा नव्हता. पहिल्या दिवशी मी चौथ्या मजल्यापर्यंत कसाबसा पोचलो, सहज खाली पाहिलं. मी तिथंच बसकण मारली. कोणाला कळू नये म्हणून खिशातून फूटपट्टी काढली आणि एकच कॉलम मोजत राहिलो. अर्धा तास!

गेनूमामा मला शोधत वर आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने कॉलमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, ह्यो खांब लई आवडला वाटतं!"

मी त्याला खरं ते सांगून टाकलं. बहिणींचंही सांगितलं. तो काही हसला नाही. म्हणाला, "उद्यापास्नं मी मागनं येतुया. तुमी निस्तं माझ्या बोलन्याकडं ध्यान द्या."

दुसऱ्या दिवसापासून मी पुढे आणि गेनूमामा एक पायरी मागे. तो मला त्याच्या बैलाची गोष्ट सांगायचा. बैल बाजारातून कसा आणला, वाटेत कसा उधळला, पुढे कोणाच्या वाड्यात शिरला. प्रत्येक मजल्यावर गोष्ट अशा जागी थांबायची, की पुढचा मजला चढल्याशिवाय चैन पडू नये. गडी चढताना एकदाही गप्प बसायचा नाही. बैल मी कधी पाहिला नाही, पण आजही शंभर बैलांतून तो ओळखून काढीन!

*

आता सरूबाईचा किस्सा. सरूबाई घोटावड्याचीच, बायकांच्या टोळीची पुढारी. साडेपाच फूट उंच आणि आवाज त्याहून उंच.

सातव्या मजल्याची स्लॅब चालली होती. बायका काँक्रीट पसरून थापीने सारखं करत होत्या. काम फर्स्ट क्लास! बडेसाहेब कौतुकाने बघत होते. एकाएकी ते ओरडले, "थांबा! सगळ्या जणी जागच्या जागी थांबा!"

या बायका जन्मभर भाताची लावणी केलेल्या. लावणी करताना वाकून मागे मागे सरकायचं असतं. त्या इथेही ओळीने वाकून मागे मागे सरकत होत्या. आणि त्यांच्या मागे दोन हातांवर स्लॅब संपत होती!

बडेसाहेब म्हणाले, "बाई, मागे का चालता? पुढे चालता येत नाही?"

सरूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्होरं चालू? आन् लावलेलं तुडवू व्हय?"

ओल्या काँक्रीटवरून पुढे चालता येत नाही हे बडेसाहेबांनीच आम्हाला शिकवलं होतं. शेवटी ठरलं, की काम कडेला सुरू करायचं आणि जिन्याकडे मागे मागे यायचं. पुढचे अकरा मजले तसेच झाले. बडेसाहेब पुढे कित्येक साइटवर नव्या इंजिनियरांना ही पद्धत शिकवायचे. विलायतेत शिकून आले होते, त्यामुळे लोकांना वाटायचं ती तिकडचीच!

*

बायका कामावर यायच्या त्या तान्ही पोरं घेऊन. पहिल्या मजल्यावर एका कोपऱ्यात वारं छान यायचं. तिथं झोळी बांधायला जागा नव्हती, म्हणून मी यायच्या आधीच गेनूमामाने खाली सळईचा भक्कम आकडा वाकवून दिला होता आणि छताची स्लॅब भरताना गड्यांनी तो आत अडकवला होता. ड्रॉइंगमध्ये तो आकडा नव्हता. मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या एका आकड्याला आळीपाळीने सहा पोरं झोपली.

इमारत झाली आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात कंपनीच्या मॅनेजरांची केबिन आली. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. छताकडे बोट दाखवून म्हणाले, "हा हुक कशासाठी आहे? पंखा तर मध्ये आहे."

मी म्हणालो, "सर, झोपायसाठी आहे."

त्यानंतर त्यांनी दुपारी डुलकी घेणं सोडलं म्हणतात. कोणीतरी आपली चहाडी केली असा त्यांचा समज झाला!

*

प्रोबेशन संपत आलं आणि बडेसाहेब म्हणाले, "उद्या अठराव्या मजल्याची कडेची लेव्हल तू तपासायची. चारी बाजूंनी फिरून, माझ्यासमोर. मग तुझं काय ते ठरवू."

जिन्याचं एक वेळ ठीक, पण कडेने चालायचं म्हणजे खाली आख्खा फोर्ट दिसणार. गेनूमामाला सांगितलं. तो "बगू," एवढंच म्हणाला.

सकाळी वर गेलो तर काय! अठराव्या मजल्याच्या चारी बाजूंच्या बांबूच्या परांचीला लुगडी बांधलेली. हिरवी, लाल, जांभळी, नऊ-नऊ वारांची. खालचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. घोटावड्यातल्या एखाद्या मांडवात शिरल्यासारखं वाटत होतं. मी लेव्हल घेऊन सरावाची एक फेरी मारली.

बडेसाहेब धापा टाकत वर आले. "हा काय प्रकार आहे? इथं लुगडी वाळत घातलीत?"

सरूबाई म्हणाली, "व्हय सायेब. हितं ऊन चांगलं लागतं."

बडेसाहेबांनी लुगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्यासमोर पुन्हा चारी बाजूंनी फिरायला लावलं. मग कागद मागवून तिथंच माझ्या कन्फर्मेशनवर सही केली. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "तुला माणसं चांगली मिळालीत. जप त्यांना."

माझ्या दोन्ही बहिणी पुढे शाळेत शिक्षिका झाल्या. त्या लुगड्यांचं ऋण माझ्या डोक्यावर आहे आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

*

इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा आमची मंडळी गावी परतली होती. पुढच्या वैशाखात मी पेढे घेऊन निघालो. एस.टी.ने पिरंगुटपर्यंत गेलो, तिथून चालत घोटावडे. गेनूमामाच्या पाया पडायचंच, असं ठरवून गेलो होतो.

घरापुढे पोचलो तर कौलं चाळायचं काम चाललेलं. मामी कासोटा मारून छपरावर चढली होती आणि फुटकी कौलं काढत होती. गेनूमामा खाली शिडी धरून उभा. दोन्ही हातांनी, घट्ट. नजर भुईकडे.

मी म्हटलं, "मामी, तुम्ही कशाला चढलात? मामांना चढवायचं!"

मामी वरून म्हणाली, "ह्यास्नी? अवो सायेब, ह्ये लगीन झाल्यापास्नं कदी दुसऱ्या पायरीच्या वर गेलं न्हाईत. डोळं फिरत्यात त्यांचं. तितं ममईत बी खाली मिक्सरपाशीच असायचं न्हवं?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी गेनूमामाकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मामी, हे रोज माझ्या मागून अठरा मजले चढायचे."

मामीला इतकं हसू फुटलं, की तिने छपराच्या वाशाला धरलं. "चेष्टा करताय गरिबाची! ह्यो मानूस? अठरा मजलं?"

गेनूमामाने शिडी तशीच धरून ठेवली. मान वर न करता हळूच म्हणाला,

"सायेब, पेढं मागनं खाऊ. आदी त्या अंगानं शिडी धरा. ती वर हाय."