लडाख, व्हाया कोलाड

पुढं लिहितोय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आईशप्पथ! म्हणजे एक जागा सोडून. जॅकेटचा किस्सा मी जरा फुगवलाय, तो धरला तर दोन. आणि कोलाडच्या हॉटेलवाल्याला मी मिशा दिल्यात, त्याला त्या नाहीत. पण शोभतात. बाकी सगळं खरं.

किस्से साठतात ते न झालेल्या कामांवर. काम झालं की त्याचा एकच किस्सा होतो आणि तोही लोक 'बरं बरं' म्हणत ऐकतात. न झालेल्या कामाला दरवर्षी नवा कोंब फुटतो. आमची लडाखची बाईक ट्रिप वर्षानुवर्षं झाली नाही, त्यामुळं आमच्याकडं माल भरपूर. गाड्यांना रनिंग नाही, तोंडाला मात्र आहे.

आम्ही चौघं. बबन पेणला गणपती करतो. विलास अष्टमी गावात राहतो, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. सदा कोलाडजवळचा, भात आणि वाल पिकवतो. चौथा मी. माझं पेणला रंगांचं दुकान आहे म्हणून तिघं मला 'शेठ' म्हणतात. चिडवायचं असलं की 'शेठजी'.

आता हेही सांगतो की जायची खरी आग एकट्या बबनला. विलासला नवी गाडी मिरवायची होती. सदाला घरातून बाहेर पडायला कारण हवं होतं. मी मिसळीसाठी जायचो.

बबनचं कारण वेगळं. शंकराच्या रूपातले गणपती तो गेली कित्येक वर्षं रंगवतोय. मूर्तीच्या मागं हिमालय असतो. पांढरा, आणि सावलीला आमच्याच दुकानातला आकाशी. गिऱ्हाईक खूश असतं. बबन नसतो.

"शेठ, हा बर्फ नाय. हा फ्रीजचा दरवाजा हाय," तो म्हणायचा. "सावलीत बर्फ कसा दिसतो, ते मला एकदा माझ्या डोळ्यानं बघायचंय."

"मोबाईलमध्ये बघ की!"

"मोबाईलमध्ये माझा शेंदरी पण भगवा दिसतो. त्याच्यावर काय भरोसा ठेवतोस?"

जन्मभर मूर्तीसमोर वाकून बसल्यानं त्याच्या मणक्याची वाट लागलेली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "दिवाळीनंतर ऑपरेशन. मग मोटरसायकल कायमची बंद. आत्ताही शक्यतो नकोच."

बबननं त्यातलं 'शक्यतो' तेवढं उचललं. त्याच्या हातात एक पावसाळा उरला होता.

*

पण त्याआधीची वर्षं आम्ही घालवली कशी, ते ऐका. मुख्य भानगड तारखेची. लडाखचे रस्ते उघडतात उन्हाळा संपता संपता आणि बंद होतात थंडी पडली की. नेमके त्याच दिवसांत पेणमध्ये माणसाला जेवायला फुरसत नसते. सदाची लावणी तेव्हाच. गणपती गेले की बबनला नवरात्राच्या देवी आणि सदाला कापणी. विलासला रजा मिळते ती कंपनीचं शटडाऊन झाल्यावर, म्हणजे डिसेंबरात, जेव्हा तिकडं रस्त्यावर दहा फूट बर्फ!

आम्ही कॅलेंडर पुढं घेऊन बसायचो आणि दमायचो. नुसतं बसून माणूस इतका दमतो, हे मला त्या कॅलेंडरानं शिकवलं.

एकदा सदा वैतागून म्हणाला, "हिमालयाला काय अक्कल हाय का नाय? भाद्रपदात कोण उघडं ठेवतं?"

बबन शांतपणे म्हणाला, "हिमालय हलायचा नाय. गणपतीलाच विचारतो, एक वर्ष नुसत्या माघीवर भागवशील का!"

*

मीटिंगा कोलाडला, हायवेवरच्या एका हॉटेलात. मिसळ, भजी, दोन चहा, आणि मोबाईलवर नकाशा. पहिल्या दिवशी कुठं मुक्काम, पेट्रोल कुठं भरायचं, विरळ हवेत चक्कर आली तर लसूण खायचा की कापूर हुंगायचा. हे सगळं दरवर्षी नव्यानं ठरायचं, कारण आदल्या वर्षीचं कुणाच्याच लक्षात नसायचं.

मालक गल्ल्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसायचा. (मिशांचं सांगितलंय.)

एका वर्षी आम्ही गेलो तर गल्ल्यामागं मोठा फोटो. मोटरसायकल, मागं रंगीत पताका, पुढं दोन बोटं दाखवत मालक! आम्ही चौघं खुर्च्यांवर बसायचं विसरलो.

"हे कुठं?" विलासनं विचारलं.

"लडाख! गणपती झाले आणि सुटलो. नकाशा कशाला लागतोय? तुमचं ऐकून ऐकून रस्ता तोंडपाठ!"

"कापूर की लसूण?" सदानं खालच्या आवाजात विचारलं.

"दोन्ही नाय. नुसता चहा." आणि आमच्याकडं बघत आत ओरडला, "मिसळ चार! नेहमीच्यांना!"

बबन त्या फोटोजवळ जाऊन काचेला नाक लावून उभा राहिला. मग परत येऊन म्हणाला, "ह्याच्यात नुसता हाच दिसतोय."

*

विलासनं जॅकेट घेतलं. उणे वीसमध्ये चालतं म्हणे. पण आमच्याकडं उणे वीस कुठून आणणार? रोह्यात पंख्याखाली बसलं तरी घाम. मग एका ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात त्यानं परवानगी काढली. तिथं लाद्यांच्या खोलीत मासळीचे क्रेटही ठेवतात. विलास जॅकेट, हातमोजे, हेल्मेट घालून आत जाऊन बसला. आम्ही बाहेर चहा पीत होतो आणि मध्येमध्ये दारावर थाप मारून विचारत होतो, "हाय का रे?"

"हाय!"

बराच वेळ बसला. विजयी मुद्रेनं बाहेर आला. "थंडीच वाजली नाय! एक नंबर माल!"

तो अष्टमीला घरी पोचायच्या आधी पुलावर तीन मांजरं त्याच्या मागं लागली होती. बायकोनं दार अर्धंच उघडलं. "जॅकेट बाहेर आणि तुम्ही पण."

ते जॅकेट अजून वळचणीला टांगलेलं आहे. सुकट वाळत घातलीय असं समजून पाहुणे भाव विचारतात.

*

मग एका वर्षी प्रॅक्टिस ठरली. सगळं सामान बांधून घाटातून एक मोठी चक्कर मारायची. पहाटे निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत उन्हं आली. गाड्यांवर इतकं सामान लादलेलं की वळताना गाडी आधी वळायची आणि सामान मागाहून विचार करायचं. गागोद्याच्या बाजूला सदाचा मामा राहतो. सदा म्हणाला, "पाणी पिऊन पाच मिनिटांत निघू."

मामांनी पाणी दिलं. मग चहा. मग म्हणाले, "आता जेवूनच जावा." जेवण झाल्यावर आम्ही चौघं ओटीवर जे आडवे झालो, ते मामांच्या म्हशी परत आल्या तेव्हा उठलो.

"निघाला होतात कुठं तुम्ही?" मामांनी आत्ता कुठं विचारलं.

"लडाखला. म्हणजे ही प्रॅक्टिस."

मामांनी आमच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. "झोपायची प्रॅक्टिस बरी झालीय. आता जरा गाडीची पण करा!"

*

यावरून लोकांना वाटतं की आम्हाला घरचे अडवतात. उलट! डॉक्टरांनी फिल्म बघितल्यावर आम्ही बबनच्या बायकोची, सुनंदावहिनींची परवानगी काढायला गेलो. जाताना तयारी केली होती. विलास वैद्यकीय बाजू मांडणार, सदा देवाधर्माची, मी शेवटी रडवेला चेहरा करणार.

वहिनी मूर्तीला पॉलिश पेपर मारत होत्या. बबननं सुरुवात केली, "अगो, मी काय म्हणतोय..."

"जावा."

"अगो, पण ऐक तर! सीझन हाय, पाठ अशी, रस्ता..."

"ऐकलं सगळं. सारं कोलाड ऐकतंय. जावा म्हटलं ना? दिवाळीनंतर बसायचंच हाय घरात."

एवढी तयारी वाया! बाहेर आल्यावर बबन पायरीवर टेकला. कपाळ पुसत म्हणाला, "ही नाय म्हणाली असती, तर राग काढून कधीच गेलो असतो. आता खरंच जायला लागणार!"

*

आता प्रश्न डोळ्यांचा. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. अंग, पितांबर, दागिने सगळं झालं की मग डोळे. आणि बबनच्या कारखान्यात डोळे फक्त बबन काढतो. तो लडाखला गेला तर मूर्ती आंधळ्या राहणार.

बबननं डोकं लढवलं. उलटं काम केलं! अंगाला रंग लागायच्या आधीच त्यानं एकेक करून सगळ्यांचे डोळे आखून टाकले. बाकीचं रंगकाम कारागीर मागाहून डोळे सांभाळून करणार होते. कारखान्यात पाऊल टाकलं की फळ्यांवर रांगेनं पांढरेफटक गणपती, ना कपडे ना दागिने, आणि सगळे टक लावून तुमच्याकडं बघतायत. मी रंगाचे डबे पोचवायला गेलो आणि चप्पल न घालताच दुकानात परत आलो.

वहिनींची अवस्था वाईट. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अवो, ह्यांना कायतरी नेसवा लवकर. सगळे ताटात बघतात. मला जेवण जात नाय!"

*

शेवटी आषाढात निघालो. निघालो म्हणजे दोघंच. विलासची रजा आदल्या दिवशी रद्द झाली. सदाच्या शेतात पाणी उभं राहिलं, लावणीला माणूस मिळेना. उरलो बबन आणि मी. ज्याला जायचं होतं तो, आणि ज्याला मिसळ खायची होती तो!

कसाऱ्याचा घाट चढून वर आलो. धुकं, पाऊस, चिखल. एका टपरीपाशी बबननं गाडी थांबवली आणि उतरलाच नाही. तसाच बसून राहिला.

"शेठ, पाय कुठं गेले रे माझे?"

टपरीवाल्यानं आणि मी मिळून त्याला उचलून बाकड्यावर उताणा ठेवला. हळूहळू पायात मुंग्या आल्या, जीव आला, पण बसता येईना. तो वर पत्र्याकडं बघत होता. मी म्हटलं, "चल, परत जाऊ." खरं सांगतो, मला मनातून हलकं वाटलं होतं.

तेवढ्यात पेणचाच एक टेम्पो आला. नाशिकला गणपती पोचवून रिकामा परतत होता. ड्रायव्हर बबनला ओळखणारा. टेम्पोत मूर्तींसाठी अंथरलेला पेंढा होताच. त्यात आम्ही बबनला निजवलं. दोन्ही बाजूंनी पेंढा दाबला, वर ताडपत्री ओढली. गणपती नेतात अगदी तसं. बबनची गाडी टपरीमागं झाकून ठेवली.

मी हेल्मेट घेऊन टेम्पोच्या मागं निघायच्या बेतात. बबन पेंढ्यातून ओरडला, "तू कुठं निघालास?"

"तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर वर जायचं ठरलं होतं. पेणला नाय! शेठ, ऐक. मी आता जात नसतो कधी. तू जा आणि बघून ये. फोटोबिटो नको. नीट बघ आणि तोंडानं सांग मला."

ड्रायव्हरनं फाळका लावला. टेम्पो खाली उतरला. मी उभा. ज्याला मुळात जायचं नव्हतं, तो एकटा लडाखला निघालेला!

*

त्या प्रवासाचं मी सांगत नाही. गुडघे, बूट, पाऊस आणि प्रत्येक ढाब्यावर 'अकेले?' हा प्रश्न. गेलो आणि आलो.

आलो तेव्हा बबन खाटेवर उताणा. कारखान्यात शंकराच्या रूपातले गणपती तेवढे मागं ठेवलेले, हिमालय कोरा. मी दारात दिसल्यावर त्यानं 'कसा आहेस' विचारलं नाही.

"सांग."

मी बसलो. पाणी प्यालो. म्हटलं, "बबन, आकाशी नाही रे. आपण सगळे चुकलो. वांग्याचं फूल असतं ना? त्याचा रंग. तो पाण्यात थेंबभर सोडल्यासारखा. आणि कडेला सावली संपते तिथं किंचित गुलाबी."

बबननं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तो म्हणाला, "व्हय. असाच असणार." आणि कारागिराला हाक मारली, वाट्या मागवल्या, आणि पडल्या पडल्या रंग कालवून घेतला. चार वेळा ओतून टाकायला लावला. पाचव्या वाटीला मान हलवली.

चतुर्थीच्या आधी एक फौजी आला. सदाच्या गावाकडचा, सुट्टीवर. मी तिथंच होतो. तो मूर्ती घ्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मागच्या हिमालयावर बोट ठेवलं.

"काका, तुम्ही वर जाऊन आलात?"

"नाय. का?"

"तीन हिवाळे काढलेत तिकडं. सकाळी पोस्टवरनं सावली अशीच दिसते. अशीच! एवढी बरोबर कुणी रंगवलेली बघितली नाय."

बबननं खाटेवरून माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या शेठनं बघून आणली." वहिनींनी डोळ्याला पदर लावला. फौजीनं मला सॅल्यूट केला, आणि मी तो घेतला!

तर सुरुवातीला सोडलेली ती एक जागा. मी वर पोचलो ते तीन दिवस सगळं ढगात होतं. समोर चिखल, दगड आणि ट्रकची चाकं. बर्फाचा एक खडा मला दिसला नाही. परत येऊन बबनच्या खाटेशी बसलो तेव्हा काय सांगावं सुचेना, म्हणून खिडकीबाहेर बघितलं. परड्यात वहिनींची वांगी फुलली होती.

फौजी खरा आहे.