पायांखालचा बांबू

गंगापूर रोडच्या आमच्या रो-हाउसवर आम्ही वरची खोली बांधली ती माझ्या कथकच्या क्लाससाठी. तोवर मी खाली हॉलमध्ये, टाइल्सवर शिकवत असे. सिमेंटवर बसवलेल्या त्या टाइल्सवर वर्षानुवर्षं पाय आपटून माझ्या टाचा इतक्या दुखायला लागल्या, की सकाळी अंथरुणातून उठले की भिंतीला धरून चालावं लागे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "नाच सोडा, नाहीतर फरशी सोडा."

नवरा अंबडला एका कारखान्यात इंजिनीअर. त्याने लगेच ठरवून टाकलं, "सागवानी जमीन करू. एकदाच काय ते पक्कं."

मला मात्र सागवान नको होतं. माझं लहानपण पेठच्या बाजूला गेलं. वडील तिथे शिक्षक होते. आमच्या क्वार्टरमागे बांबूचं बेट होतं. दर उन्हाळ्यात शाळेच्या कुंपणासाठी त्यातले बांबू तोडले जात आणि पावसाळ्यात नवे कोंब माझ्या डोक्याच्या वर जात. डोंगरावरचे साग तुटले ती जागा मात्र मी गाव सोडेपर्यंत उघडीच राहिली. त्यामुळे बांबूच्या पट्ट्या दाबून, चिकटवून जमिनीसाठी फळ्या करतात असं एका प्रदर्शनात पाहिलं, तेव्हा मी तिथेच ठरवलं. नवऱ्याने फळीचा तुकडा ठोकून पाहिला, वाकवून पाहिला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, "हरकत नाही."

हरकत घेतली ती सासूबाईंनी.

"बांबू? घरात? जमिनीला?" त्यांनी हातातली पालेभाजीची जुडी खाली ठेवली. "अगं, माणूस बांबूवर आडवा होतो तो एकदाच. रोज त्याच्यावर नाचायचं म्हणतेस?"

मला हसू आलं, पण त्या खरंच घाबरल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. "आई, तुम्ही धान्य पाखडता ते सूप कशाचं? आमच्या लग्नात झालीच्या वेळी दिवे लावलेली टोपली तुमच्या डोक्यावर ठेवली, ती कशाची होती?"

त्यांनी जुडी पुन्हा उचलली आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "टोपली डोक्यावर होती, पायाखाली नव्हती." आणि थोड्या वेळाने, "करा काय करायचं ते. मी वर येणार नाही."

सुतार सिन्नरचे. बांबूची जमीन त्यांनीही कधी केली नव्हती, पण उत्साह दांडगा. फळीला फळी इतकी घट्ट बसवली, की शेवटची फळी भिंतीपाशी ठोकूनच आत घालावी लागली. "ताई, मुंगी शिरायची नाय," असं म्हणून ते समाधानाने गेले.

ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली. एका संध्याकाळी मुली चक्कर घेत होत्या आणि त्यातली एक मधेच थांबून ओरडली, "ताई, जमीन वर येतेय!" खरंच आली होती. खोलीच्या मध्यावर चांगला उंचवटा झाला होता आणि त्यावर पाय दिला की तो दबून पुन्हा वर येई. मुलींना तर खेळच मिळाला. हा आरडाओरडा ऐकून सासूबाई पहिल्यांदा जिना चढून वर आल्या. दारातूनच पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर पापड फुगलाय!" आणि इतक्या हसल्या, की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. कामावरून नुकत्याच आलेल्या नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून मीही हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी सुतारांना बोलावलं. त्यांनी फळ्या विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडचं ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दमट हवेत बांबू फुगतो, त्याला पसरायला चारही बाजूंनी बोटभर फट ठेवायची असते. "मी तर त्याला लय आवळलं," ते म्हणाले. त्यांनी कडेच्या फळ्या काढून कापल्या, फट सोडली आणि वरून पट्टी मारली. उंचवटा हळूहळू बसला, तो आजतागायत उठलेला नाही.

माझ्या टाचा काही महिन्यांनी शांत झाल्या. पण खरी मजा झाली ती त्या हिवाळ्यात. नाशिकची थंडी म्हणजे खालच्या टाइल्सवर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. आधी सासूबाई 'ऊन खायला' म्हणून वर यायला लागल्या, मग गहू निवडायला, मग तिळाचे लाडू वळायला. मैत्रिणी आल्या की त्यांनाही वरच घेऊन जात आणि मोठ्या दिमाखात सांगत, "चपला बाहेर काढा हं, आमच्याकडे बांबू आहे."

एकदा दुपारी मी बाजारातून लवकर परतले. वरून ठेका ऐकू येत होता. आज तर क्लासला सुट्टी होती. हळूच जिना चढून पाहिलं, तर सासूबाई खिडकीपाशी, पदर खोचून, एका हाताने गज धरता येईल अशा बेताने उभ्या. तोंडाने "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" आणि पाय अगदी ठेक्यात.

मला पाहून त्या थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? डावा पाय चुकतोय का ते सांग."