कृपया जिवंत चेहरा दाखवा

पंखेवाल्याकडे पंख्यांचे किस्से साचतात, माझ्याकडे फ्रँचायझीवाल्यांचे. एका बर्गर-पिझ्झावाल्या कंपनीच्या दुकानांत मी मशीनं बसवतो. कंपनीची यादी लांबलचक: बिलिंगचं मशीन, किचनमध्ये ऑर्डरची स्क्रीन, माणसं मोजणारा कॅमेरा, चेहऱ्यावरून हजेरी घेणारं मशीन. एकात जरी गडबड दिसली तरी फ्रँचायझी धोक्यात! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण किस्से आहेत, त्याला मी काय करू?

*

अमरावतीचे मालक पेशानं वकील. इंटरनेटच्या दोन लाइन सक्तीच्या म्हटल्यावर ते भडकले. "दोन काहून? बायको तं एकच हाय न मले!"

तरी बसवल्या. एका दुपारी उंदरांनी दोन्ही वायरी कुरतडल्या. मी धावतपळत पोचलो, तर बिलं पटापट ऑनलाइन जात होती! वकीलसाहेब तुटलेली टोकं हातात धरून उभे होते.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "आता हे तिसरी कोन हाय?"

*

नांदगाव पेठेला गजूभाऊंच्या किचनमध्ये माणसं पाच, कॅमेरा मोजायचा सहा. मी कॅमेरा बदलला. सहाच! मग सगळ्यांना बाहेर काढलं. स्क्रीनवर आकडा आला: एक.

गजूभाऊंनी दारातूनच आवाज दिला, "उभाच हायेस तं भांडे तरी घास बाप्पा!"

सगळे हसलो. पण आत आधी कोणी जायचं, यावर पुढचा अर्धा तास वाद चालला.

*

अकोल्याच्या संध्याताईंचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. हे दुकान त्यांच्या यजमानांनी, मधुकररावांनी घेतलं आणि दोन महिन्यांत ते गेले. फ्रँचायझी ताईंच्या नावावर करायला कंपनीनं एक महिना दिला. त्या महिन्यात सगळी मशीनं नीट चालली पाहिजेत, नाहीतर दुकान परत. दुकानाशिवाय ताईंकडे दुसरं काही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी अकराला किचनच्या स्क्रीनवर ऑर्डर आली: 'चहा एक, बिनसाखरेचा.' कंपनीच्या मेनूत चहा नाहीच! मी ऑर्डर पुसली. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तीच.

"पुसू नोको," ताई गॅस पेटवत म्हणाल्या. "शुगर होती त्यायले."



*

महिना संपत आला आणि कंपनीचा फोन आला. माणूस चांगलाच तापला होता.

"मयत मालकाची रोजची हजेरी कोण लावतंय? सकाळी नऊ चाळीस, एक दिवस खाडा नाही! शुक्रवारपर्यंत त्यांचा चेहरा मशीनमधून काढा, नाहीतर फ्रँचायझी रद्द."

मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. नऊ चाळीसला मशीनसमोर कोणीच नव्हतं. तरी मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणत होती, "स्वागत आहे, मधुकर."

ताईंनी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लाव म्हणाल्या, पण माझीच हिंमत होईना.

*

शुक्रवारी मी चेहरा काढायला बसलो. तिथं खरी गोची झाली. मालकाची नोंद काढायची तर मालकाचाच चेहरा लागतो, म्हणजे कोणी परस्पर काढू नये! सगळं मशीन कोरं करावं, तर महिन्याचा रेकॉर्ड जातो आणि कंपनीला तेवढंच निमित्त पुरे.

ताईंनी भिंतीवरचा फोटो आणला. हार बाजूला करून मी तो मशीनसमोर धरला.

"कृपया जिवंत चेहरा दाखवा," मशीन म्हणालं.

दुसऱ्यांदा धरला. पुन्हा तेच. ताईंनी फोटो माझ्या हातून घेतला, टेबलावर ठेवला आणि मला बाजूला केलं. मशीनसमोरची फरशी रिकामी होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "या न जरा. मले हे दुकान पायजे. तुमी असे रोज येसान, तं हे लोक मले चालवू नाही देनार."

मशीनचा दिवा बराच वेळ लुकलुकला. एरवी त्याला सेकंदही लागत नाही.

"ओळख पटली," मशीनमधली बाई म्हणाली. "मधुकर, तुमची नोंद काढली आहे. धन्यवाद."

मी घाईघाईनं पिशवी उचलली. ताईंनी माझा हात धरला.

"थांब भाऊ. आधी दार उघड. त्यायले जाऊ दे."

मी काचेचं दार उघडलं आणि बाजूला सरकून उभा राहिलो.